आठ विती

थोरलीच्या घरात टेप नव्हता असं नाही. कपाटात कुठेतरी पडलेला होता, पण उभ्या जन्मात तिने तो गोधडीला लावला नाही. "टेप म्हणजे परक्याचं माप," ती म्हणायची. "माझं माप माझ्या हाताला आहे." हात ताणून पसरायचा, अंगठा इथे, करंगळी तिथे, झाली एक वीत. पंजा तिचा चांगला पुरुषी. कागदावर नक्षी नाही, खडूची रेघ नाही. कापड पुढ्यात ओढायचं, वीत टाकायची आणि कात्री चालवायची. गोधडी कशी होणार ते गोधडी झाल्यावरच कळायचं, पण तुकड्याला तुकडा मात्र असा भिडायचा की बघत राहावं.

कापणार थोरली आणि जोडणार धाकटी जाऊ, ही वाटणी बत्तीस वर्षांची. दोघींचे नवरे भाऊ असून एकमेकांशी धड बोलत नसत. या दोघींचं मात्र एका खोलीत, एका मशीनवर छान चाललं होतं.

मग थोरलीची करंगळी वाकायला लागली. आधी तळहातात एक गाठ आली, मग बोट हळूहळू आत ओढलं गेलं. डॉक्टर म्हणाले, आतली शीर आखडतेय, वय झालं की होतं असं काहींना. थोरलीने ते हसण्यावारी नेलं. "वाकली तर वाकली. कात्री काय करंगळीने धरतात? झाकली मूठ सव्वा लाखाची."

आता बघा, बाई एवढी हुशार, पण वाकलेल्या करंगळीने आपली वीत आखूड झाली हे तिच्या डोक्यात आलं नाही. कसं येणार? आपली वीत लहान झाली की नाही हे आपल्याच वितीने मोजून कळत नाही.

कळलं ते धाकटीला. तुकडे जोडायला घेतले की अस्तराच्या कडेला दोन बोटं कमी पडायला लागली, पुढे तीन, मग चार. तिने काय करावं? त्याच रंगाची पट्टी कापली आणि तुकड्याला गुपचूप जोडून टाकली. शिवण आतून दाबली की पत्ता लागत नसे. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता हिवाळा गेला. सांगणार तरी कसं? दोन वर्षांपूर्वी थोरलीची एकुलती एक लेक नऊ दिवसांच्या तापात गेली होती. तेव्हापासून त्या बाईजवळ स्वतःचं म्हणावं असं काही उरलं असेल तर तो हात. तोही गेला, असं तिच्या तोंडावर म्हणायचं? धाकटी मूग गिळून बसली.

लेक उंच होती. घरात सगळे तिला शिडी म्हणत. दर वाढदिवसाला थोरली तिला दाराशी उभी करून पायापासून डोक्यापर्यंत वितीने मोजायची. भिंतीवर खूण करायची नाही, भिंत कशाला खराब करा. शेवटचं माप आठ विती. शिडी म्हणायची, "आता पुरे कर आई, हात पोचत नाही तुझा."

यंदाची गोधडी विकायची नव्हती. थोरलीने एकच आकार धरला होता, खाली घेरदार झगा आणि वर गोल डोकं. तो आधी बोटभर कापला, मग वीतभर, मग दोन विती. लहानांच्या रांगेत मधेच एखादी मोठी, मोठीच्या पायाशी चार बारक्या. रोज भिंतीला लावून बघायची, काढायची, पुन्हा लावायची. "एकच पोर आहे ही," ती धाकटीला म्हणाली, "जवळून, लांबून. मधे मात्र ती खरी उभी करायची. तेवढीच. आठ विती." त्यासाठी शिडीची निळी चादर तिने ठेवली होती. तेवढं एकच कापड.

तेव्हा तरी धाकटीने बोलायला हवं होतं. तिने मनाशी ठरवलं, चादर बाहेर निघाली की सांगायचं, त्याआधी नको. अन् एका दुपारी दोरा संपला म्हणून ती दुकानात गेली. तासाभराने परत आली तर चादर कापलेली होती.

थोरली जमिनीवर बसली होती. तिच्यासमोर निळी मुलगी पसरलेली. तिने पुन्हा एकदा वीत टाकत मोजलं, पायापासून डोक्यापर्यंत. आठ. बरोबर आठ.

"ही लहान का दिसते गं?" तिने विचारलं.

थोरली उठली, दहा वर्षांपूर्वीची जुनी गोधडी घेऊन आली. तिच्यातला प्रत्येक चौकोन एक वीत. एकेक चौकोन मोजत तिने ती निळ्या मुलीशेजारी लावली. सहा चौकोन आणि वर अर्धा. मग ती आपल्या हाताकडे बघत राहिली.

"साडेसहा," ती म्हणाली. "साडेसहा विती म्हणजे नववं वर्ष. दुधाचे दात पडत होते." मग धाकटीकडे वळून तिने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो, जाऊबाई."

"मग बाकीच्या बरोबर कशा बसल्या?"

धाकटीने भिंतीवरची गोधडी उलटी करून पट्ट्या दाखवल्या. प्रत्येक पोरीला एक. थोरलीने त्या बोटाने एकेक चाचपल्या.

"पट्ट्या नसत्या लावल्यास तर सगळ्याच लहान राहिल्या असत्या," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं वाटलं असतं. "मग त्यांच्यात ही मोठीच दिसली असती. मला कळलंही नसतं. तू सगळ्यांना वाढवलंस आणि माझी तेवढी लहान ठेवलीस."

"मी उसवते," धाकटी रडत म्हणाली. "सगळ्या पट्ट्या आजच उसवते."

"उसवून काय करू? आता मला माहीत झालंय."

थोरलीने निळी मुलगी उचलली, लहान पोरीचा फ्रॉक घडी करतात तशी तिची घडी घातली आणि कपाटात ठेवली. कात्री आणून धाकटीच्या मांडीवर ठेवली. बत्तीस वर्षांत त्या कात्रीला तिने कुणाला हात लावू दिला नव्हता.

"यापुढे कापणं तुझं."

"मी कशाने मोजू?"

"टेप आहे ना," थोरली म्हणाली. "बघ कपाटात कुठेतरी."