तसबिरीमागचे चाळीस हजार

बेटावरच्या दवाखान्याला दोन वर्षं कुलूप होतं, आणि त्यावरून कॉफीच्या दुकानात सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचा तो अर्गिरिस. "सरकार झोपलंय! म्हाताऱ्याकोताऱ्यांनी डॉक्टरसाठी बोटीनं जायचं होय?" असं म्हणून तो टेबलावर मूठ आपटायचा आणि लोक माना डोलवायचे.

त्याची आत्या एव्हान्थिया मेलबर्नला वारली. जन्मभर लोकांचे कपडे शिवून जमवलेले चाळीस हजार डॉलर तिनं या भाच्याच्या नावे ठेवले, आणि गावच्या चर्चसाठी संत निकोलसची तसबीर.

ते आणायला मेलबर्नला निघण्याआधी गावातली करसल्लागार कालिरोई त्याला म्हणाली होती, "काका, पैसे बँकेतून येऊ द्या. वारसा परदेशातला असला तरी इथं कळवावा लागतो. थोडा कर बसेल, पण उरलेला पैसा उजळ माथ्यानं वापराल."

"त्या चोरांना देऊ? आत्यानं काय त्यांच्यासाठी डोळे फोडून घेतले?" अर्गिरिस उसळला.

मेलबर्नमध्ये त्यानं सगळी रक्कम रोख घेतली, तसबिरीची पाठफळी काढली, नोटांची पुडकी आत दडपली आणि खिळे पुन्हा ठोकले. इकडे उतरल्यावर विमानतळावरच्या तपासनिसानं तसबीर पाहून छातीवर क्रुसाची खूण केली आणि त्याला जाऊ दिलं. अर्गिरिस स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश!

बोट धक्क्याला लागली तेव्हा घंटा वाजू लागल्या. समुद्रापलीकडून आलेली तसबीर आधी घरी जात नाही, पाद्रीबाबा ती धक्क्यावरच उतरवून घेतात. हा रिवाज तो लहानपणापासून बघत आला होता, पण पैशाच्या नादात साफ विसरला. "बाबा, आधी जरा घरी नेऊन पुसून आणतो," तो कसाबसा म्हणाला.

"अरे, संताला कसला धुरळा?" पाद्रीबाबा हसले आणि तसबीर घेऊन पुढे निघालेसुद्धा.

चर्चमध्ये तसबीर खुंटीला अडकवताना पाठफळी निसटली आणि पुडकी भराभरा खाली पडली.

"दवाखान्यासाठी!" म्हातारी झाफिरो रडतच ओरडली. गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा डॉक्टरकडे नेताना बोटीतच वारला होता. "एव्हान्थियानं दवाखान्यासाठी पाठवले ग!" पुढे येऊन तिनं अर्गिरिसच्या हाताचा मुका घेतला. "पोरा, तू आणलेस. देव तुझं भलं करो!"

अर्गिरिसला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. गप्प राहिला तर पैसे जाणार, बोलला तर अब्रू. समोर उभी असलेली कालिरोई त्याच्याकडे बघत होती.

"आजी, दवाखान्याचे नाहीत ते," तो अखेर म्हणाला. "माझे आहेत. कर चुकवायला मीच लपवले."

झाफिरोनं त्याचा हात सोडला आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं ओठ पुसले. शिवी परवडली असती!

दुसऱ्या दिवशी तो खाली मान घालून कालिरोईपुढे बसला. "किती जातील?"

"सरळ आणले असते तर थोडेच गेले असते. आता विमानतळावर न सांगितल्याचा दंडही बसेल." ती कागद पुढे करत म्हणाली, "काका, तुम्ही सरकार म्हणून ज्याला शिव्या घालता ना, त्याच्या खिशात आपल्याशिवाय कोण टाकतं हो? डॉक्टरचा पगार कुठून येतो?"

अर्गिरिसनं खिशातून पेन काढलं. त्यानं कागद भरला, कर भरला, दंडही भरला. तसबिरीची पाठफळीही त्यानं स्वतःच जाऊन ठोकली, आणि तेवढा वेळ संताकडे वर बघायची त्याला हिंमत झाली नाही.

बांधवांनो, दवाखान्याच्या कुलपाला बोल लावण्याआधी प्रत्येकानं आपल्या घरातल्या तसबिरीमागं एकदा बघावं. अर्गिरिस आजही कॉफीच्या दुकानात बसतो. कोणी "सरकार झोपलंय" म्हणालं, की तो टेबलावरची आपली मूठ उघडतो आणि हात हळूच मांडीवर घेतो.