मुकी टाच

प्रतिक्षाचं लेकरू दिवस भरायच्या आधीच झालं. वसमतच्या दवाखान्यात रक्तातली साखर बघायला रोज त्याच्या टाचेला सुई टोचायचे.

"त्याला छातीशी घेऊन दूध पाज, तेवढ्यात मी टोचते. कमी दुखेल," नीलांबरी सिस्टर म्हणाल्या.

सासू आशाबाई आडवी आली. "पिताना टोचलं तर लेकरू आईचं दूधच सोडीन! तू बाहीर हो."

प्रतिक्षा मुकाट्यानं बाहेर गेली. खरं तर तिलाही बघवत नव्हतं. पुढं सुई दिसली की ती आपणहून भिंतीआड जायची.

आठवड्यानं सुई टोचली तरी लेकरू रडेनासंच झालं.

"किती गुणाचं हाय बघा!" आशाबाई कौतुकानं म्हणाली.

सिस्टर भडकल्या. "गुणाचं कसलं, मावशी? रडूनही कुणी जवळ घेत नाही, म्हणून रडत नाही. टोचताना कपाळाच्या आठ्या बघा त्याच्या!"

कुणी बघितल्या नाहीत.

बारशाला आत्यानं चांदीचे वाळे आणले. प्रतिक्षानं लेकराला मांडीवर घेतलं आणि वाळा घालायला त्याचा पाय हळूच हातात धरला. लेकरानं हूं की चूं केलं नाही. त्यानं डोळे गच्च मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि आईच्या मांडीवर ते सुईची वाट बघत राहिलं.