चौकटीतली दोन अक्षरं

सासूबाईंच्या मागे सहा चांदीचे चमचे उरले होते. दोन्ही मुलांनी तीन-तीन वाटून घ्यायचे ठरवले होते. पण धाकट्याने हट्ट धरला की ते कोणी आणि कधी घडवले, हे आधी जाणकाराकडून ठरवून घ्यायचं. खरं तर त्याने ते मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका दरबारी कारागिराचं काम, असं तो लग्नकार्यात, प्रवासात, भेटेल त्याला सांगत आला होता. थोरला म्हणाला, चमचे ते चमचे, आणि पेपर उघडून बसला. मग दिराबरोबर थोरली सूनच निघाली. ती दातांची डॉक्टर होती आणि त्या दिवशी दवाखाना बंद होता.

जुन्या चांदीची पारख करणाऱ्या बाई एका इमारतीच्या मागच्या खोलीत बसत. खिडकीशी टेबल, त्यावर काळं मखमली कापड. दिराने दरबाराची गोष्ट सुरू केली. बाईंनी ती शांतपणे ऐकली, मान डोलावली आणि चमचा पालथा केला. दांड्यावरच्या ठशांवर त्यांनी हलकेच तोंडाची वाफ सोडली. वाफ विरता विरता झिजलेली अक्षरं क्षणभर उमटली आणि गेली. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसली. अशी युक्ती तिला इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

ठसे विलायती होते आणि त्यांत साल सांगणारं एक अक्षर होतं. बाईंनी हिशेब सांगितला: दोनशे वर्षंसुद्धा पुरी नाहीत. दिराचा चेहरा पडला. पुढे कारागिराचा ठसा आला. पत्त्यांतल्या चौकटीसारखी नक्षी आणि आत दोन अक्षरं. नवऱ्यामागे दुकान चालवणाऱ्या बाईचा ठसा त्या काळी तिकडे असा असे, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी भिंग डोळ्याशी नेलं. ठशाखाली आणखी काहीतरी होतं, पण भिंगाला सापडत नव्हतं.

"उजेड वरून पडतोय, बाजूने हवा," डॉक्टर म्हणाली. दाताची चीर बघताना तिला हेच लागे. तिने पर्समधून आपला लांब दांड्याचा छोटा आरसा काढला आणि खिडकीतला उजेड तिरपा पाडला. चौकटीखालून दुसऱ्या ठशाची कड वर आली.

बाई हसल्या. खालचा ठसा नवऱ्याचा. तो चार चमच्यांवरच होता. उरलेल्या दोन चमच्यांवर फक्त बायकोचा, आणि सालाचं अक्षरही पुढच्या वर्षाचं. संच अर्धवट टाकून नवरा गेला होता. तिने तो पुरा केला आणि सहाही चमच्यांवर आपला ठसा मारला.

"म्हणजे सगळ्यांची जबाबदारी तिने घेतली," डॉक्टर हळूच म्हणाली.

"आता माना चाचपून बघा," बाई म्हणाल्या.

डॉक्टरने दांडा आणि वाटी जुळतात तिथे अंगठा फिरवला. चार चमचे तिथे कधीतरी वाकून पुन्हा सरळ केलेले होते. बारीक सुरकुत्या लागत होत्या. बायकोच्या दोन चमच्यांच्या माना किंचित जाड होत्या. इतक्या किंचित, की डोळ्यांना फरक कळत नव्हता. त्या कधीच वाकल्या नव्हत्या.

हातोडी तिने स्वतः धरली की दुकानातल्या कारागिराने, हे चांदी सांगत नाही, असं बाईंनी बजावलं. "पण चमचा कुठे दगा देतो हे तिला माहीत होतं. आणि ते सुधारताना तिने नवऱ्याच्या घडणीला धक्का लागू दिला नाही. संच मोडलेला दिसत नाही, बघा."

डॉक्टरने सहाही एका ओळीत लावले. रोज दुसऱ्याच्या कामाला काम जुळवून बसवणं किती अवघड, हे तिच्याइतकं त्या खोलीत कोणाला ठाऊक असणार?

चमचे गुंडाळून दोघं निघाली. जिन्यात दीर थांबला. डॉक्टरला वाटलं, बिचाऱ्याचा दरबार गेला.

"वहिनी, तिचे दोन वेगवेगळ्या घरांत जाऊ देत. एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे."

"चालेल, भाऊजी. तिच्या नवऱ्याचे दोन-दोन."

रस्त्यावर येईपर्यंत त्याने मोठ्या आत्याला फोन लावलासुद्धा. दरबाराचं नाव निघालं नाही. एका बाईने नवऱ्यामागे दुकान कसं सांभाळलं, ते तो रंगवून सांगत होता. त्यात चार मुलं आणि एक कजाग सासू त्याने पदरची घातली होती. डॉक्टरने त्याला टोकलं नाही. मानेच्या जाडीचा भाग मात्र त्याने अगदी बरोबर सांगितला.