पूर्वेकडे तोंड करून

"लॉरेन्स, दांडो उलट्या बाजूक बसवलंस मेल्या!" मोरीतल्या लाकडी स्टुलावर बसून सहदेव ओरडला.

भांडुपच्या चाळीतली ती मोरी. माणूस आत शिरला की बादलीने बाहेर थांबावं, एवढीच. संपात सहदेव परबची गिरणी गेली आणि पुढच्या वर्षी अर्धांगवायूने डावं अंग गेलं. तेव्हापासून बायको, शेवंती, त्याला दार उघडं ठेवून लहान पोरासारखी आंघोळ घालायची. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकट्याने आत जायचं, कडी लावायची, आपल्या हाताने अंग धुवायचं. आता त्याला फक्त एवढंच हवं होतं. म्हणून समोरच्या खोलीतल्या लॉरेन्स वेल्डरने धरून उठायला लोखंडी पाइप भिंतीत ठोकून दिला होता. ठोकताना धूळ नको म्हणून सहदेवला बाहेर बसवलं होतं आणि माप घ्यायला लॉरेन्स स्वतःच नळाकडे तोंड करून स्टुलावर बसला होता.

"उलटा कसा? नळ समोर, दांडा उजव्या हाताला. एकदम झकास!"

"नळ पश्चिमेक हा! आंघोळ पूर्वेक तोंड करून करतत."

पूर्वेकडे वळलं की दांडा लुळ्या हाताकडे यायचा.

"अवो, मोरीत देव बघूक येतत काय?" शेवंती म्हणाली.

"बापाशीन शिकवल्यान तसाच करतलंय."

"मग मी काय सूर्य उचलून इकडे आणू?" लॉरेन्स भडकला.

दांडा दुसऱ्या भिंतीत हलवायचा, तर ती भिंत शेजारच्या द्रौपदीच्या स्वयंपाकघराची, एका विटेच्या जाडीची. बोल्ट आरपार तिच्याकडे निघणार होते. आता ही बाई चाळ डोक्यावर घेणार, असं सगळ्यांनाच वाटलं. तिने भिंतीकडे नीट बघितलं.

"मारा भोक. पण बोल्ट जरा लांब ठेवा, माझे झारे अडकवायला होतील."

दांडा तिकडे बसला. सिमेंट वाळल्यावर सहदेव सकाळी मोरीत गेला.

"कडी लावू नकात हां!" शेवंती म्हणाली.

कडी लागली. पाण्याचा आवाज आला, मग बंद झाला. शेवंतीने दाराला कान लावला. "अवो?" इतक्यात भिंतीपलीकडे बोल्टांना अडकवलेले सगळे झारे खणखणले.

"शेवंते, उठले गं भाऊजी!" द्रौपदी ओरडली. चाळभर हशा पिकला.

"च्यायला, मग कडी कशाला लावली यार?" लॉरेन्स हसत हसत म्हणाला. आतून सहदेवने त्याला एक सणसणीत शिवी हासडली.

थोड्या वेळाने तो बाहेर आला. पंचा कसाबसा गुंडाळलेला, केस विस्कटलेले, मान मात्र ताठ. डाव्या कानामागे साबणाचा फेस तसाच राहिला होता. पुसायला शेवंतीचा हात सवयीने पदराकडे गेला. पदर सोडून ती चहा टाकायला वळली.

सहदेव दारातल्या खुर्चीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला उगाचच हाका मारत होता. कानामागचा फेस उन्हात वाळत होता.