आतल्या बाजूची मूठ

फोन वाजला तेव्हा मंगळवारची सकाळ होती, सव्वाआठचा सुमार. मला घडवणारा माणूस बाथरूममध्ये दाढी करत होता आणि फोन बाहेर जेवणाच्या टेबलावर होता. त्याने साबणाच्या हाताने मला धरलं आणि फिरवलं. हात फिरला, मी फिरले नाही. त्याने पुन्हा जोर लावला. मी जागची हलले नाही. टॉवेल शोधून हात कोरडे करेपर्यंत फोन थांबला होता.

मी त्या बाथरूमच्या दाराची आतली मूठ. गोल, पोलादी, आरशासारखी. तीन मिनिटांनी फोन पुन्हा वाजला, तेव्हा त्याला कळलं. पत्नी हॉस्पिटलमधून बोलत होती. त्याची आई गेली होती.

गैरसमज नको. मी तिला मारलं नाही. ती न्यूमोनियाने गेली. मी तिला फक्त अडीच वर्षं लाजवलं.

माझा जन्म कागदावर झाला. दारांच्या मुठी, कड्या आणि बिजागऱ्या करणाऱ्या एका कंपनीत हा माणूस त्यांचे आकार ठरवतो. मला काढायला त्याला तीन आठवडे लागले. मग एका गारेगार खोलीत आठ जणांनी मला हातात घेतलं. आठही जण धडधाकट, आठांचेही हात कोरडे. प्रत्येकाने वा म्हटलं. नंतर एका यंत्राने मला एक लाख वेळा फिरवलं. लोखंडी पंजाला साबण लागत नाही आणि त्याची बोटं सुजत नाहीत, त्यामुळे मी पास झाले. पुढे मला बक्षीसही मिळालं. परीक्षकांनी माझा फोटो पाहिला होता. मुठीला बक्षीस देताना मूठ फिरवून बघावी, हे त्या शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

या माणसाच्या ऑफिसात एक पद्धत आहे, आणि तिचं त्यांना फार कौतुक. महिन्यातून एकदा वही घेऊन अनोळखी लोकांच्या घरी जायचं, म्हातारी माणसं वस्तू कशा वापरतात ते गुपचूप बघायचं, लिहून घ्यायचं. आजी, तुम्ही रोज करता तसंच करा, आम्ही नाहीच असं समजा. जेवताना तो हे मोठ्या मायेने सांगायचा. शेजारी त्याची आई दोन्ही हातांनी पेला धरून पाणी पीत असायची.

पहिल्या मुठींपैकी एक जोडी त्याने हौसेने घरी आणली. बसवायला आलेल्या सुतारानेच काय ती माझी खरी परीक्षा घेतली. त्याने नळाखाली हात ओला केला आणि मला फिरवून पाहिलं. म्हणाला, "साहेब, घरात आजी आहेत ना? दांड्याचं हँडल लावू. कोपराने दाबलं तरी उघडतं."

ही मूठ मी स्वतः केली आहे, असं त्याला हसत सांगण्यात आलं. सुतार स्क्रू पिळून निघून गेला.

आई चौतीस वर्षं नर्स होती. हातात ट्रे घेऊन तिने आयुष्यभर दारं कोपराने उघडली होती. निवृत्तीनंतर बोटांचे सांधे धरले, आणि मुलाने नेमकी कोपराला न जुमानणारी वस्तू घरात आणली. आधी ती मला दोन्ही तळव्यांमध्ये दाबून फिरवायची. मग नॅपकिन गुंडाळून बघितला. शेवटी तिने दोन जाड रबरबँड आणले आणि माझ्याभोवती करकचून बसवले. माझ्यावर कुणी चालवलेली ती एकमेव अक्कल. मी पहिल्या झटक्यात फिरू लागले.

दोन दिवसांनी ऑफिसचे लोक जेवायला यायचे होते. त्याने रबरबँड काढले. आईला म्हणाला, हे काय गं, शोभतं का?

"शोभत नाही रे," ती म्हणाली, "पण उघडतं."

पाहुणे गेल्यावर तिने ते परत लावले. त्याने परत काढले. तिसऱ्यांदा तिने नाद सोडला.

मग एका दुपारी ती आत अडकली. सून बाजारात गेली होती. आईने पाऊण तासात एकदाही हाक मारली नाही. बादली पालथी घातली आणि ओल्या केसांनी तिच्यावर बसून राहिली. अधूनमधून उठायची, मला धरायची, पुन्हा बसायची. सुनेने येऊन बाहेरून दार उघडलं तेव्हा म्हणाली, त्याला सांगू नकोस, वाईट वाटेल.

त्या दिवसापासून तिने दार लावणं बंद केलं. दार किलकिलं ठेवायची आणि आत माणूस आहे हे कळावं म्हणून सारखी खोकत राहायची. घरात त्या खोकल्याची थट्टा व्हायची. आईंचा हॉर्न वाजला, जरा थांबा. दार उघडं असल्यामुळे मला सगळं ऐकू यायचं, आणि तिलाही.

आई, दार लावून घेत जा ना, घरात माणसं असतात, असं त्याने तिला एकदा सुनावलं. तेव्हा ती दारातच उभी होती, अंगाभोवती टॉवेल घट्ट धरून.

"माझंही लिहून घे तुझ्या वहीत," ती म्हणाली. "एका म्हातारीला दार लावून आंघोळ करायची आहे. बाकी काही तक्रार नाही."

तू काय, घरचीच, असं म्हणून तो हसला. तीही हसली. माणसांना असल्या वेळी हसता येतं, हे मला अजून समजलेलं नाही.

ती गेल्यावर आठवड्याने सुनेने त्याला ती पाऊण तासाची गोष्ट सांगितली. तो येऊन माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता उपटून फेकेल. त्याने टॉवेलने मला पुसलं. सवयच तशी, डाग दिसला की पुसायचं.

त्याच सुमाराला ऑफिसातून निरोप आला. एक मोठा वृद्धाश्रम बांधला जातोय, तीनशे खोल्यांचा. प्रत्येक बाथरूमला मी. कारखान्यात काम सुरू करायला फक्त त्याची सही हवी होती.

त्याने पत्र लिहिलं. दाराबाहेर उभं राहून पत्नीला वाचून दाखवलं. ही मूठ ओल्या आणि दुखऱ्या हाताने उघडत नाही, ती तिथे लावू नये, चूक माझी आहे. चार ओळी होत्या, चांगल्या होत्या. पत्नी म्हणाली, आत्ताच पाठव. तो म्हणाला, उद्या.

दुसऱ्या दिवशी त्याने 'उघडत नाही'चं 'उघडायला थोडी अडचण येते' केलं. तिसऱ्या दिवशी 'चूक माझी आहे' काढून टाकलं. बक्षिसाची काचेची पाटी त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर आहे, आणि लोक विचारणारच की हे इतक्या उशिरा कसं लक्षात आलं. मग सांगावं लागेल कुणामुळे ते.

मला माया नाही, मी पोलाद आहे, तरी मला त्याची किळस येते. हे वाचणारे तुम्हीही फार निराळे असाल असं मी धरून चालत नाही. तरी जमलं तर घरातल्या मुठी एकदा हाताला साबण लावून फिरवून बघा. आणि कुणी मुठीला रबरबँड लावला असेल तर तो काढू नका.

काल ऑफिसातून पुन्हा फोन आला. शुक्रवारपर्यंत बघतो, असं त्याने सांगितलं. पत्र त्याने अजून पाठवलेलं नाही.