पंधरा पिशव्यांच्या मागे

मला नसत्या चौकशांची खोड आहे, असं आमचे हे म्हणतात. म्हणोत! थोरल्या जाऊबाई रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन बाहेर पडायच्या आणि बाराच्या सुमारास ती रिकामीच परत आणायच्या. महिनाभर हे पाहिल्यावर कोणाला स्वस्थ बसवेल? एका सोमवारी मी त्यांच्या मागोमाग गेले.

निवडणूक कचेरीच्या बंद खिडकीपुढे त्या रांगेत उभ्या होत्या. तीन वर्षं मतदान झालं नव्हतं. मग ही रांग कसली?

"मतदार नोंदणीची," जाऊबाई म्हणाल्या. "आलीच आहेस तर उभी राहा."

"पण खिडकी उघडतच नाही ना!"

"नाही उघडत. पण जमावाला बंदी आहे, रांगेला नाही."

त्यांच्या पुढच्या शिंप्याने मला सगळं समजावलं. अकराला कारकून बाहेर येऊन पाहतो. रांगेत एकही माणूस दिसला नाही, तर 'अर्जदार नाही' असा शेरा मारून कचेरी कायमची बंद करायची, असा वरून हुकूम आहे. म्हणून हे लोक वर्षभर रोज उभे राहत होते. एक दिवसही खंड नाही.

मी काही उभी राहिले नाही. ह्यांची सरकारी नोकरी, कशाला नसती भानगड? पण पाय काही घरी थांबेनात. रोज समोरच्या औषधांच्या दुकानापाशी उभी राहून मी गंमत बघायचे.

शुक्रवारी पावणेअकराला पोलिसांची गाडी आली. कोणी आरडाओरडा केला नाही. गाडीत चढण्याआधी प्रत्येकाने आपली पिशवी आपल्या जागेवर ठेवली. रिकाम्या पिशवीचा उलगडा मला तेव्हा झाला. जाऊबाईंनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर मीही त्यांची कोणीतरी आहे हे पोलिसांना कळलं असतं. मला फार लाज वाटली.

गाडी गेली. एक हवालदार मागे राहिला. अकराला कारकून वही आणि कुलूप घेऊन बाहेर आला.

"कोणी नाही ना?" त्याने पेनाचं टोपण काढलं.

ह्यांची नोकरी डोळ्यांपुढे दिसत होती. तरी मी रस्ता ओलांडला आणि शेवटच्या पिशवीमागे जाऊन उभी राहिले.

"आहे की. मी आहे."

हवालदाराने माझ्याकडे निरखून पाहिलं. कारकून वैतागला. "मग या पुढे. काय काम आहे?"

"अशी कशी येऊ?" मी म्हणाले. "माझ्यापुढे पंधरा जण आहेत."

त्याने एकवार पिशव्यांवरून नजर फिरवली आणि पेनाला टोपण लावलं.