निळ्या झाकणाच्या दोन बाटल्या

थोरल्या सिस्टरना त्या वॉर्डात बावीस वर्षं झाली होती, आणि त्यांच्या पायांनी त्यातलं एकही वर्ष माफ केलं नव्हतं. त्या दुपारी तीस खाटांना दोघीच नर्स होत्या. ट्रॉलीवर निळ्या झाकणाच्या दोन बाटल्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, एक मळमळीवरची, दुसरी गुंगीची. अकरा नंबरच्या आजोबांना मळमळीचं इंजेक्शन द्यायचं होतं. हात दुसरीवर पडला.

इंजेक्शन देऊन रिकामी बाटली टाकताना सिस्टरचं लेबलकडे लक्ष गेलं. त्यांनी धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. ऑक्सिजन लावला, आणि त्या आजोबांची नाडी धरून बसल्या. संध्याकाळी आजोबांनी डोळे उघडून चहा मागितला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

डॉक्टरांचं म्हणणं पडलं की माणूस ठीक आहे, उगाच कशाला वाढवायचं. या वयात गुंगी येतेच. सिस्टरनी मान डोलावली. भांडायचं त्राण नव्हतं.

पण अकरा नंबरपाशी आजी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. सकाळी त्यांनी कुणाला न विचारता नवऱ्याला घरचं दूध पाजलं होतं. त्यानंच हे झालं, असं त्या पुटपुटत होत्या.

सिस्टर खाटेच्या कडेला टेकल्या. "आजी, दुधानं नाही झालं. चुकीचं इंजेक्शन मी दिलं."

आजींनी तोंडावरचा पदर बाजूला केला. मग म्हणाल्या, "आता त्यांना तुम्ही सुई लावायची नाही." आणि थोड्या वेळानं, खाली बघत, "सांगितलंत ते बरं केलंत. दिवसभर मी स्वतःलाच खात होते."

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनाही हे सांगितलं. त्यांनी सिस्टरना अर्धा तास फैलावर घेतलं आणि लेखी खुलासा मागितला. सिस्टरनी सगळं लिहिलं: स्वतःची चूक, सारखी झाकणं, तीस खाटा, दोघी नर्स. गुंगीच्या बाटल्या लाल पट्टी लावून वेगळ्या कपाटात गेल्या. तिसरी नर्स काही मिळाली नाही.

आठवड्यानं धाकटी सिस्टर घुटमळत आली. गेल्या महिन्यात तिच्याही हातात तीच बाटली आली होती. ऐनवेळी लक्षात आलं म्हणून निभावलं, पण भीतीनं ती कुणाला बोलली नव्हती.

रागवायचं म्हटलं तर रागवता आलं असतं. थोरल्या सिस्टरनी पायानं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"बस. आधी मला सांग, मग लिहून काढ. आणखी काय काय राहिलंय सांगायचं, तेही आठव."